सेरियमचा चौथा इलेक्ट्रॉन

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सेंद्रिय संयुगांचे क्रियागट ओळखताना एक छोटी परीक्षा करावी लागते. परीक्षानळीत अज्ञात द्रवाचे काही थेंब घ्यायचे आणि त्यात सेरिक अमोनियम नायट्रेटचे पिवळसर नारिंगी द्रावण टाकायचे. नळी हलवताच रंग गडद लाल झाला, तर द्रव अल्कोहोल आहे असे वहीत लिहायचे. बहुतेक विद्यार्थी निष्कर्ष लिहून झाला की नळी बेसिनमध्ये रिकामी करतात. तीच नळी काही वेळ स्टँडला तशीच ठेवली किंवा किंचित कोमट केली, तर तो लाल रंग हळूहळू उतरू लागतो आणि शेवटी द्रावण जवळजवळ रंगहीन होते. परीक्षेत या दुसऱ्या टप्प्याला गुण नसतात, पण सेरियम या मूलद्रव्याचा खरा स्वभाव तिथेच दिसतो. पहिल्या टप्प्यात अल्कोहोलचा रेणू सेरियमच्या आयनाला जोडला जातो म्हणून लाल रंग येतो. दुसऱ्या टप्प्यात सेरियम त्या रेणूकडून इलेक्ट्रॉन काढून घेते, अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते, आणि चार धनभारांचा रंगीत सेरिक आयन तीन धनभारांचा रंगहीन सेरस आयन होऊन बसतो.

हा एक इलेक्ट्रॉन देण्याघेण्याचा व्यवहार नीट समजला, तर सेरियमचे जवळजवळ सगळे उपयोग एका सूत्रात बसतात, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनातून बनलेले मत आहे. एरवी पाठ्यपुस्तकांत हे उपयोग एकापाठोपाठ एक असे सुटे दिलेले असतात, आणि लायटरचा खडा, गाडीचा सायलेन्सर, भिंगाची पॉलिश आणि एलईडी दिवा यांचा परस्परांशी काय संबंध, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा मूलद्रव्ये आणि त्यांच्या जोडीला स्कँडियम व यिट्रियम, अशा सतरा जणांना विरल मृत्तिका मूलद्रव्ये म्हणतात. हल्ली वर्तमानपत्रांत त्यांचा उल्लेख सरसकट ‘रेअर अर्थ’ असाच होतो. रासायनिक वागणुकीत ही मूलद्रव्ये एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की ती वेगळी करण्यात शास्त्रज्ञांची शंभरहून अधिक वर्षे गेली. प्रत्येकाचा अणू तीन इलेक्ट्रॉन सोडून देतो, आणि त्यानंतर ४एफ कक्षिकांमध्ये जे इलेक्ट्रॉन उरतात ते अणूच्या इतके आत असतात की रासायनिक बंधांत ते सहसा भाग घेत नाहीत. सेरियमचा अणुक्रमांक ५८ आहे. तीन इलेक्ट्रॉन गेल्यावर त्याच्या ४एफ कक्षिकेत नेमका एकच इलेक्ट्रॉन शिल्लक राहतो, आणि तोही गेला तर झेनॉन या उदासीन वायूसारखी स्थिर रचना तयार होते. म्हणून हा चौथा इलेक्ट्रॉन सुटू शकतो, आणि परिस्थिती बदलली की परतही येऊ शकतो. प्रेसिओडिमियम आणि टर्बियम यांनाही घन ऑक्साइडात चार धनभार धारण करता येतात, पण पाण्याच्या द्रावणात चार धनभारांनिशी टिकून राहणारे विरल मृत्तिका मूलद्रव्य एकटे सेरियमच आहे.

सेरियमचा शोध स्वीडनमधल्या वेस्टमानलँड प्रांतातल्या बास्टनेस खाणीतून लागला. तिथे सापडणाऱ्या एका असाधारण जड, तांबूस दगडाचे वर्णन आक्सेल क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये केले होते. खाण ज्या कुटुंबाच्या मालकीची होती, त्यातल्या विल्हेल्म हिसिंगर यांनी वयाच्या पंधराव्या वर्षी त्या दगडाचा नमुना कार्ल शेले यांच्याकडे तपासायला पाठवला, पण शेले यांना त्यात नवे काही आढळले नाही. हिसिंगर यांनी मात्र त्या दगडाचा पिच्छा सोडला नाही, आणि १८०३ मध्ये तरुण यॉन्स याकोब बर्झेलियस यांच्यासोबत त्यांनी त्यातून एका नव्या मूलद्रव्याचे ऑक्साइड वेगळे केले. त्याच वर्षी बर्लिनमध्ये मार्टिन क्लाप्रोट हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोहोचले होते. जुझेप्पे पियाझी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी शोधलेल्या सेरेस या खगोलावरून नव्या मूलद्रव्याला सेरियम हे नाव मिळाले आणि त्या दगडाला सेराइट म्हणू लागले.

सेरियमचे ऑक्साइड म्हणजे सेरिया. १८०३ चा सेरिया शुद्ध नव्हता. बर्झेलियस यांचे सहकारी कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८३९ मध्ये सेरियम नायट्रेट तापवून त्याचे ऑक्साइड केले आणि ते अगदी सौम्य नायट्रिक आम्लात टाकले. काही भाग विरघळला, काही तसाच राहिला. विरघळलेल्या भागातून लॅन्थॅनम मिळाले आणि पुढे काही वर्षांतच ‘डिडिमियम’ हाती लागले, ज्याचे १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल आउअर यांनी प्रेसिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन भाग केले. मोसांडर यांची युक्ती यशस्वी का झाली, हे त्या काळात कोणालाही सांगता आले नसते, कारण इलेक्ट्रॉनचा शोधच लागायचा होता. हवेत तापताना सेरियमने आपला चौथा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दिला होता आणि त्यामुळे तयार झालेले डायऑक्साइड सौम्य आम्लाला दाद देत नव्हते. लॅन्थॅनमकडे सोडायला चौथा इलेक्ट्रॉनच नव्हता, म्हणून ते निमूटपणे विरघळले. आजही मिश्रणातून सेरियम बाजूला काढण्याच्या काही पद्धती याच तत्त्वावर चालतात: आधी त्याचे ऑक्सिडीकरण करायचे, मग आम्लता कमी करून त्याचा साका पाडायचा. इतर विरल मृत्तिका वेगळ्या करायला द्रावकांच्या टाक्यांची लांबलचक साखळी लागते. सेरियम त्या मानाने सहज वेगळे होते.

सेरियम दुर्मीळ अजिबात नाही. भूकवचात त्याचे प्रमाण दर दहा लाख भागांमागे ६० च्या आसपास आहे, म्हणजे साधारण तांब्याइतके आणि शिशापेक्षा कितीतरी जास्त. सम अणुक्रमांकाची मूलद्रव्ये त्यांच्या विषम शेजाऱ्यांपेक्षा विपुल असतात, या विश्वभर लागू पडणाऱ्या नियमाचाही त्याला लाभ मिळाला आहे. अडचण एवढीच की तांब्यासारखे ते एकाजागी भरपूर साठलेले क्वचित मिळते. आज त्याचा मुख्य स्रोत बास्टनेसाइट हे फ्लोरोकार्बोनेट खनिज आहे, ज्याचे नाव त्याच स्वीडिश खाणीवरून आले. चीनच्या इनर मंगोलियातले बायन ओबो आणि कॅलिफोर्नियातले माउंटन पास हे त्याचे प्रसिद्ध साठे. दुसरा स्रोत मोनाझाइट, म्हणजे सेरियम, लॅन्थॅनम, निओडिमियम आणि थोरियम यांचे फॉस्फेट, आणि हे खनिज आपल्या देशात केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवर वाळूत मिसळलेले सापडते.

कोकणात वाढलेल्या वाचकाला इथे रत्नागिरीच्या काळ्या वाळूची आठवण होईल. ती वाळू जड आहे, चुंबकाला चिकटतेही, पण तिच्यात मुख्यत्वे इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असते, मोनाझाइट नगण्य. याचे कारण मागच्या डोंगरांत आहे. आपला सह्याद्री बसाल्टचा, आणि बसाल्टमध्ये मोनाझाइट तयार होत नाही. केरळ आणि कन्याकुमारीच्या मागच्या डोंगरांत चार्नोकाइट आणि नाइस यांसारखे अतिप्राचीन, खोल भूगर्भात भाजून निघालेले खडक आहेत. त्यांची झीज होऊन सुटलेले मोनाझाइटचे कण नद्यांनी समुद्रात नेले आणि पावसाळी लाटांनी हलकी वाळू ओढून नेत जड कण किनाऱ्यावर मागे ठेवले. एकाच सागराचे दोन किनारे, पण मागचा पाषाण बदलला की वाळूतले खनिज बदलते.

ही वाळू मी भिंगाखाली पाहिली आहे. इल्मेनाइटचे काळे चकचकीत कण, गार्नेटचे गुलाबी, झिरकॉनचे पारदर्शक आणि त्यांच्यामध्ये मधाच्या रंगाचे, कडा गोलसर झालेले मोनाझाइटचे कण स्पष्ट ओळखू येतात. कारखान्यात ही निवड त्यांच्या भौतिक गुणधर्मांवर होते. आधी पाण्याच्या प्रवाहात सर्पिल पन्हळींतून हलकी गारेची वाळू वेगळी काढतात. मग उच्च विद्युतदाबाच्या यंत्रात वीजवाहक इल्मेनाइट आणि रुटाइल एकीकडे, तर वीजरोधक मोनाझाइट, झिरकॉन आणि सिलिमनाइट दुसरीकडे जातात. शेवटी मोनाझाइट किंचित चुंबकीय असल्यामुळे प्रबळ चुंबकाने ते झिरकॉनपासून अलग होते. त्यानंतर बारीक दळलेले मोनाझाइट दाहक सोड्याच्या तीव्र द्रावणात शिजवतात. फॉस्फेट ट्रायसोडियम फॉस्फेटच्या रूपाने बाहेर पडते, उरलेल्या हायड्रॉक्साइडच्या लगद्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाने विरल मृत्तिका विरघळवून घेतात, आणि थोरियम मागे राहते.

केरळच्या या वाळूकडे जगाचे लक्ष गेले ते थोरियममुळे, आणि थोरियमची गरज निर्माण झाली ती दिव्यांमुळे. ज्यांनी कार्ल आउअर यांचे नाव ऐकलेले नाही, त्यांनीही त्यांचा दिवा पाहिलेला असतो. वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणाऱ्या माणसांची रांग, जत्रेतल्या मिठाईच्या दुकानात टांगलेली पेट्रोमॅक्स, कीर्तनाच्या मांडवातला तो सुसाटणारा पांढरा उजेड, हे सारे आउअर यांच्या जाळीचे, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत मेंटलचे, काम होते. नवा मेंटल म्हणजे पांढऱ्या कापडाची मऊ पिशवी असे. ती थोरियम आणि सेरियमच्या नायट्रेटांत भिजवून वाळवलेली असे. बत्तीच्या तोंडाला ती दोऱ्याने बांधून काडी लावली की कापड जळून जाई आणि नायट्रेटांची ऑक्साइडे होऊन त्याच विणीची एक पांढरी जाळी शिल्लक राही, जिला बोट लागले तरी तिचा चुरा होत असे. पंप मारून रॉकेलची वाफ पेटवली की ती जाळी झगमगू लागे.

त्या जाळीची रचना आउअर यांनी १८९१ मध्ये निश्चित केली: ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड. हे प्रमाण विलक्षण नाजूक आहे. शुद्ध थोरियाची जाळी कितीही तापली तरी मंद, निस्तेज उजेड देते. सेरियाचे प्रमाण वाढवत नेले तर जाळी उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने गमावते आणि थंड पडून पुन्हा मंदावते. एक टक्क्याच्या आसपास सेरियम दृश्य प्रकाश भरपूर बाहेर टाकते आणि थोरिया उष्णता धरून ठेवते. याच जाळीसाठी युरोपला मोनाझाइट हवे होते. आधी ते ब्राझीलच्या किनाऱ्यावरून येई. १९०९ मध्ये शोमबर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरच्या वाळूत मोनाझाइट सापडले. तिथून निर्यात झालेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूवरून त्याला पहिला सुगावा लागला, असे सांगितले जाते. मनवालकुरिचीला वाळू वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला तो यातूनच.

अणुयुगात या वाळूचे महत्त्व पालटले. थोरियम हे अणुइंधनाचे भांडार आहे हे ओळखून स्वतंत्र भारताने मोनाझाइट देशाबाहेर जाऊ दिले नाही, १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ च्या डिसेंबरात केरळमधल्या आलुव्याच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. या कंपनीचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला, सिद्धिविनायक मंदिरासमोर आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या किती जणांना त्या इमारतीत कशाचा कारभार चालतो याची कल्पना असेल, असा विचार तिथून जाताना माझ्या मनात नेहमी येतो.

पुन्हा आउअर यांच्याकडे वळतो, कारण त्यांच्यापुढे उभी राहिलेली अडचण आजही संपलेली नाही. मेंटलमध्ये थोरियम ९९ भाग आणि सेरियम १ भाग, पण मोनाझाइटमध्ये प्रमाण उलटे: थोरियम थोडे आणि सेरियम कितीतरी पट अधिक. थोरियम काढून घेतल्यावर विरल मृत्तिकांचा ढीग मागे राहू लागला. त्या ढिगाचे काय करायचे, या विचारातून त्यांनी १९०३ मध्ये लायटरच्या खड्याचे पेटंट घेतले. विरल मृत्तिकांच्या कच्च्या मिश्रधातूत, जिला मिशमेटल म्हणतात आणि जिच्यात सेरियमचा वाटा सर्वांत मोठा असतो, सुमारे एक तृतीयांश लोखंड मिसळून तिला कठीण केले, आणि खरबरीत चाकावर घासली तर तिचे बारीक कण हवेत पेटून ठिणग्या उडतात. सिगारेट लायटरमध्ये आजही हाच खडा असतो.

शुद्ध सेरियम धातू पोलादी करड्या रंगाची आणि सुरीने कापता येईल इतकी मऊ असते. ताजा काप काही वेळातच काळवंडतो, आणि गंजाचा थर पापुद्र्यांनी गळून पडत असल्यामुळे धातू आतपर्यंत खाल्ली जाते. या धातूचा एक गुण मात्र भौतिकशास्त्रज्ञांना अजून खुणावत असतो. १९२० च्या दशकात पर्सी ब्रिजमन उच्च दाबाखाली निरनिराळ्या पदार्थांची तपासणी करत होते, आणि त्यातच या गुणाची पहिली चाहूल लागली. सुमारे सात-आठ हजार वातावरणांच्या दाबाखाली सेरियमचे आकारमान एकाएकी जवळजवळ १५ टक्क्यांनी घटते, आणि तरीही अणूंची मांडणी तीच, फलककेंद्री घनाकारच, राहते. म्हणजे एका घनाचे तशाच रचनेच्या दुसऱ्या, अधिक दाट घनात रूपांतर होते. याचेही मूळ त्या ४एफ इलेक्ट्रॉनमध्ये आहे, यावर अभ्यासकांचे एकमत आहे. एका टोकाला तो आपल्या अणूला धरून असतो, दुसऱ्या टोकाला शेजारच्या अणूंशी बंध जोडू लागतो. हे नेमके कसे घडते यावर मात्र अजून वाद चालू आहेत.

माझा सेरियमशी प्रत्यक्ष हातांनी संबंध आला तो दुर्बिणीच्या आरशामुळे. हौशी आकाशनिरीक्षक परावर्ती दुर्बिणीचा आरसा स्वतः घासतात. काचेच्या दोन चकत्या कार्बोरंडमच्या भुकटीने एकमेकींवर घासून एकीला खोलगट आकार आला की ती दुधी, अपारदर्शक काच पारदर्शक करायची असते. त्यासाठी पिचचा, म्हणजे डांबरासारख्या चिकट राळेचा, चौकोनी खाचांचा साचा घेतात आणि त्यावर सेरियम ऑक्साइडचे पाण्यात कालवलेले गुलाबी-तपकिरी मिश्रण ब्रशने लावून आरसा फिरवत राहतात. शुद्ध सेरिया फिकट पिवळसर असतो. ही तपकिरी छटा त्यात राहिलेल्या प्रेसिओडिमियमची. पहिला तासभर काहीच होत नाही असे वाटते, आणि मग मिश्रण पुसून काच उजेडात तिरकी धरली की दुधीपणाच्या मधोमध एक चकाकणारा डाग दिसू लागतो. शेवटी त्या पृष्ठभागातली चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाइतकी, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी, राहावी लागते, आणि ती हाताने साधते.

कार्बोरंडमच्या मानाने सेरिया मऊ आहे, तरी तो काचेला अधिक चांगली झिलई देतो, कारण इथे घासण्याइतकेच रसायनही काम करते. पाण्याने काचेचा सर्वांत वरचा थर किंचित मऊ होतो. सेरियाच्या कणावरचे सेरियम ऑक्सिजनच्या दुव्याने काचेतल्या सिलिकॉनला धरते, आणि कण पुढे सरकताना तो तुकडा सोबत घेऊन जातो. कणाच्या पृष्ठभागावर तीन धनभारांचे सेरियम जितके जास्त, तितकी ही पकड घट्ट असते, असे अनेक प्रयोगांतून दिसून आले आहे. पूर्वी हे काम लोहाच्या लाल ऑक्साइडने होई, आणि त्याला वेळही अधिक लागे. सेरियाने त्याची जागा घेतली. चष्म्याच्या काचा, कॅमेऱ्याची भिंगे, मोबाइलच्या पडद्याची काच आणि चिप बनवण्याच्या सिलिकॉन चकत्या, सगळ्यांना आज हीच झिलई मिळते. काचेच्या आतही सेरियम उपयोगी पडते. लोहाच्या अशुद्धीमुळे काचेला येणारी हिरवट झाक ते त्या लोहाचे ऑक्सिडीकरण करून घालवते, आणि किरणोत्सारी कामाच्या दालनांना लावलेल्या जाड काचा गॅमा किरणांनी तपकिरी पडू देत नाही.

सेरियाचा सर्वांत मोठा उपकार मात्र शहरातल्या हवेवर आहे. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी प्लॅटिनमचे कौतुक पुष्कळ केले आणि सेरियाचे नाव मात्र कुठे वाचायला मिळाले नाही. त्या कन्व्हर्टरमध्ये दोन विरोधी कामे एकाच वेळी व्हावी लागतात. कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांना ऑक्सिजन द्यायचा असतो, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून तो काढून घ्यायचा असतो. इंजिनातले हवा आणि इंधन यांचे प्रमाण क्षणाक्षणाला वरखाली होत असते; कधी धुरात ऑक्सिजन जास्त, कधी कमी. सुगीत कणगी भरून ठेवावी आणि टंचाईत तिच्यातले धान्य काढावे, तसा सेरिया ऑक्सिजन साठवतो आणि देतो. त्याच्या स्फटिकात प्रत्येक सेरियमभोवती आठ ऑक्सिजन असतात. त्यांतला एक निघून गेला की त्याचे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात, आणि शेजारचे दोन सेरियम अणू ते स्वीकारून चारवरून तीन धनभारांवर येतात. स्फटिकाची चौकट मोडत नाही, फक्त तिथे एक रिकामी जागा पडते. धुरात पुन्हा ऑक्सिजन वाढला की ती जागा भरते. यात झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियमचे ऑक्साइड, मिसळला तर हा व्यवहार अधिक वेगाने होतो आणि उष्णतेतही टिकतो, म्हणून आजच्या गाड्यांत ही दोन ऑक्साइडे एकत्र वापरतात.

हाच व्यवहार समुद्रातही चालतो. नद्यांनी आणलेल्या सर्व विरल मृत्तिका समुद्राच्या पाण्यात तीन धनभारांनी विरघळलेल्या असतात, पण ऑक्सिजन असलेल्या पाण्यात सेरियमचे ऑक्सिडीकरण होऊन ते अविद्राव्य होते आणि मँगनीजच्या कणांना चिकटून तळाशी जाते. परिणामी समुद्राच्या पाण्यात सेरियम त्याच्या शेजाऱ्यांच्या मानाने कमी आढळते आणि तळावरच्या बहुधात्विक गोट्यांत बहुधा जास्त. गोव्यात दोनापावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ या जहाजाने १९८१ च्या जानेवारीत असे गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर काढले होते. भूवैज्ञानिकांना या फरकाचा उपयोग फार दूरच्या काळासाठी होतो. प्राचीन समुद्रात साठलेल्या खडकात सेरियमची तूट दिसली, तर त्या पाण्यात मुक्त ऑक्सिजन होता असे म्हणता येते. तूट नसेल, तर बहुधा नव्हता. ज्या काळाचे पाणी आज कुठेच शिल्लक नाही, त्या पाण्यातल्या ऑक्सिजनची नोंद एका इलेक्ट्रॉनमुळे खडकात राहिली, ही गोष्ट मला सेरियमच्या साऱ्या उपयोगांपेक्षा मोठी वाटते.

प्रयोगशाळेतही या इलेक्ट्रॉनने एक मोठा वाद निर्माण केला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोमध्ये बोरिस बेलूसोव्ह यांनी सायट्रिक आम्ल, पोटॅशियम ब्रोमेट आणि सेरियमचा क्षार सल्फ्युरिक आम्लात एकत्र केले, तेव्हा द्रावण पिवळे झाले, मग रंगहीन, मग पुन्हा पिवळे, आणि हे आवर्तन बराच वेळ चालू राहिले. सेरियम इथे तीन आणि चार धनभारांच्या अवस्थांत येरझारा घालत होते. रासायनिक क्रिया अशी मागेपुढे होऊच शकत नाही, असे म्हणून त्यांचा लेख नाकारला गेला. तो १९५९ मध्ये एका अप्रसिद्ध संग्रहात संक्षेपाने छापून आला. पुढे अनातोली झाबोतिन्स्की यांनी ती क्रिया पुन्हा करून दाखवली. १९८० मध्ये तिच्यासाठी लेनिन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा बेलूसोव्ह यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. ऊष्मागतिकीचा कोणताही नियम या क्रियेने मोडलेला नाही, हे त्या परीक्षकांनी स्वतः परीक्षानळी हलवून पाहिली असती तर त्यांच्याही लक्षात आले असते.

औषधनिर्मितीच्या विद्यार्थ्यांना सेरिक अनुमापन परिचयाचे असते. पॅरासिटामॉलची शुद्धता त्याने मोजतात, आणि फेरोइन या दर्शकाचा लाल रंग जाऊन फिकट निळा आला की ब्युरेट बंद करतात. परमँगनेटपेक्षा हे द्रावण दीर्घकाळ टिकते आणि हायड्रोक्लोरिक आम्लातही चालते.

आणि पुन्हा दिवे. घरातला पांढरा एलईडी दिवा बंद असताना त्याचे आवरण काढून पाहिले, तर आत पिवळ्या रंगाचे छोटे चौकोनी ठिपके दिसतात. तो पिवळा थर यिट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचा असतो आणि त्यात अत्यल्प सेरियम मिसळलेले असते. मूळ एलईडी निळा प्रकाश देतो. सेरियमचा ४एफमधला एकुलता इलेक्ट्रॉन तो निळा प्रकाश शोषून ५डी कक्षिकेत चढतो आणि परत उतरताना पिवळा प्रकाश सोडतो. उरलेला निळा आणि हा पिवळा मिळून डोळ्यांना पांढरा दिसतो. इथे इलेक्ट्रॉन अणू सोडून जात नाही, आतल्या आत चढउतार करतो. जपानच्या निचिया कंपनीने १९९६ मध्ये असे पांढरे एलईडी बाजारात आणले. मेंटलच्या जाळीतला सेरियमचा एक टक्का निघून गेला, पण रात्रीचा उजेड आजही त्याच मूलद्रव्याकडून येतो.

इतके सगळे असूनही सेरियम आज बाजारात पडून आहे. जगाला सध्या निओडिमियम हवे आहे, कारण विजेवरच्या मोटारींची आणि पवनचक्क्यांची चुंबके त्यापासून बनतात. पण खनिजातून एकटे निओडिमियम निघत नाही. भारतीय मोनाझाइटमधल्या विरल मृत्तिकांत जवळजवळ निम्मे सेरियम असते आणि निओडिमियम सुमारे एक पंचमांश. म्हणजे निओडिमियमच्या प्रत्येक किलोमागे दोन किलोंहून अधिक सेरियम आपोआप बाहेर पडते, आणि त्याला गिऱ्हाईक नसेल तर खाणकामाचा आणि शुद्धीकरणाचा सारा खर्च निओडिमियमच्या माथी येतो. आपल्याकडे चुंबकांच्या स्वावलंबनाची चर्चा जोरात चालू आहे, पण तिच्यात हा हिशेब कोणी मांडताना दिसत नाही, याची मला काळजी वाटते. अमेरिकेत ओक रिज आणि एम्स इथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी या अतिरिक्त सेरियमसाठी ॲल्युमिनियमची नवी मिश्रधातू तयार केली आहे. सेरियम ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ विरघळत नाही. त्याचे ॲल्युमिनियमशी झालेले संयुग बारीक जाळ्याने धातूभर पसरते आणि उष्णतेतही जागचे हलत नाही, त्यामुळे इंजिनाचे भाग तापल्यावरही बळकट राहतात आणि ओतकामानंतरची खर्चिक उष्णताप्रक्रिया बरीचशी वाचते. आपल्याकडे या कामाला ओडिशाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. छत्रपूरला मोनाझाइट वेगळे करण्याचा कारखाना आहे, अंगुळला ॲल्युमिनियम वितळवण्याचा, आणि दोन्ही सार्वजनिक क्षेत्रातले आहेत. सेरियमचा पहिला मोठा गिऱ्हाईक आपल्याला याच राज्यात तयार करता येईल.